समाजशास्त्राचे जुने ग्रंथ मुळातून वाचायचे की नोट्सवर भागवायचं?

साकवपार:
मंडळी, आज जरा भांडण लावायचंय. मी कणकवलीत नोकरी करून बाहेरून एम.ए. करतोय, विषय समाजशास्त्र. आमच्या एका सरांचं पालुपद ठरलेलं, मूळ ग्रंथ वाचा, नोट्स घोकून कोणी समाजशास्त्रज्ञ होत नाही. म्हटलं बघूया तरी, म्हणून पावसाळ्यात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं आत्महत्येवरचं आणि जर्मन वेबरचं प्रोटेस्टंट लोकांवरचं अशी दोन पुस्तकं इंग्रजीतून वाचायला घेतली. एक अर्ध्यात सोडलं, दुसरं रेटून संपवलं. आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल हाणा.

दुर्खीमचं पुस्तक १८९७ चं. सगळा डोलारा सरकारी आकड्यांवर उभा, कुठल्या देशात किती आत्महत्या नोंदल्या गेल्या, प्रोटेस्टंट किती, कॅथलिक किती. आता मला सांगा, आपल्याकडे कोणी विहिरीत जीव दिला तर घरचे काय सांगतात आणि पोलीस पाटील काय लिहून घेतो हे कोणाला ठाऊक नाही? पाय घसरला, बस्स. कॅथलिक मुलखात आत्महत्या म्हणजे पाप, धर्माप्रमाणे माती द्यायची पण पंचाईत, मग तिथले लोक खरं सांगत असतील? हा आक्षेप मी काढलेला नाही, जॅक डग्लसने १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. वेबर तर आणखी भारी, भारतात पाऊल न टाकता हिंदू धर्मावर ग्रंथ लिहून मोकळा! फिजिक्सचा पोरगा न्यूटनचं प्रिन्सिपिया वाचत नाही आणि म्हणून त्याला कोणी कच्चा म्हणत नाही, मग हा उपास आमच्याच नशिबी का?

ज्याला विषयाचा इतिहास करायचाय त्याने वाचावं. बाकीच्यांनी एक बरं पाठ्यपुस्तक आणि गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन, आणि जो वेळ वाचेल तो गावात फिरण्यात घालवावा.

लोटेचा_केमिस्ट:
शंभर टक्के सहमत. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच व्हाइटहेड या तत्त्वज्ञाचं एक वचन टाकलंय, त्याचा मतितार्थ असा की जे शास्त्र आपल्या संस्थापकांना विसरायला कचरतं त्याचं काही खरं नाही. आणि गंमत बघा, आता तो मर्टनच तुमच्या अभ्यासक्रमात संस्थापक म्हणून पाठ करायला लावतात :)

वेबरचं म्हणाल, म्हणजे प्रोटेस्टंट शिकवणीतल्या काटकसरीने आणि कष्टाने भांडवलशाही वाढली हे, तर तो विषय मिटलाय. बेकर आणि वोसमान म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००९ मध्ये प्रशियातल्या जिल्ह्यांची एकोणिसाव्या शतकातली आकडेवारी काढून तपासली. प्रोटेस्टंट भाग जास्त सुखवस्तू होता हे खरं निघालं, पण कारण वेगळं निघालं. बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यावं म्हणून ल्यूथरने शाळांचा आग्रह धरला, त्यातून साक्षरता वाढली, आणि ती साक्षरता हिशेबात धरली की बाकीचा फरक जवळपास उरतच नाही. एका पेपरात निकाल. आता तीनशे पानं काटकसर आणि देवाची भीती वाचत बसायचं असेल तर बसा, घाटात ट्रॅफिक जाम असताना टाइमपास म्हणून ठीक आहे.

देवगडचा_मास्तर:
साकवपार, तुम्ही अर्ध्यात सोडलंत ते दुर्खीमच असणार, बरोबर ना? कारण ऋतूंवरचं प्रकरण नीट वाचलं असतं तर हे लिहिलं नसतंत.

त्या काळी युरोपात सगळे धरून चालायचे की उन्हाळ्यात आत्महत्या वाढतात म्हणजे उष्णतेने डोकी तापतात. इटलीतले मोर्सेली, फेरी असे मोठे मोठे लोक हेच म्हणत होते. दुर्खीम म्हणतो ठीक, उष्णता म्हणता ना, मग वसंत आणि शरद शेजारी ठेवू. शरदात ऊब जास्त, तरी आत्महत्या वसंतात जास्त. म्हणजे थर्मामीटरचं काही जमत नाही. मग तो दिवसाची लांबी घेतो, आणि ती महिन्यागणिक आत्महत्यांच्या आकड्याबरोबर चढते उतरते. मग तो विचारतो की दिवस लांबला की काय वाढतं, तर माणसांच्या गाठीभेटी, कामं, बाजार, भांडणं, एकूण व्यवहार. आणि हे खरं असेल तर शहरात ऋतूंचा फरक कमी पडायला पाहिजे कारण शहराचं कामकाज दिवसाच्या लांबीवर तेवढं चालत नाही, म्हणून तो मोठ्या शहरांचे आकडे काढतो, आणि तिथे चढउतार खरंच कमी निघतो. पुढचा माणूस काय म्हणेल ते आधी स्वतःच म्हणायचं आणि मग तपासायचं, हे पानापानावर चाललेलं असतं.

नोट्समध्ये काय येतं? आत्महत्येचे चार प्रकार. त्यातला चौथा त्याने नुसता एका तळटीपेत उल्लेखलाय, पण गाइडमध्ये तो बाकी तिघांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो.

राहिला तुमचा पोलीस पाटील. तो खोटं लिहितो हे मान्य. पण तो जूनमध्ये खरं आणि नोव्हेंबरमध्ये खोटं लिहितो का? लपवाछपवी बारा महिने सारखी असेल तर ऋतूंचा मुद्दा जागच्या जागी राहतो. प्रोटेस्टंट कॅथलिक तुलनेला तुमचा आक्षेप लागतो, या प्रकरणाला लागत नाही. आता हे वेगळं काढायला पुस्तक उघडावं लागतं की नाही?

लोटेचा_केमिस्ट:
मास्तर, मुद्दा आवडला. पण तुम्ही तो एका परिच्छेदात सांगितलात आणि मला कळला. म्हणजे नोट्स चांगल्या माणसाने काढल्या की झालं, माझंच म्हणणं सिद्ध झालं की!

प्रिलिम्स_पास:
मी यूपीएससीला समाजशास्त्र घेतलंय. पेपर एकमध्ये मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड. सहाही मुळातून वाचायला घेतले तर वयाची अट संपेल. वाचू नका, आग्रहाची विनंती. तुम्ही वाचलंत तर आम्हाला कॉम्पिटिशन वाढते.

रापणकर:
ओ बाबानू, मगाधरना बघतंय, दुर्खीम काय, वेबर काय, आणि आपल्या मालवणच्या माणसाचा नाव कोण घेत नाय! गोविंद सदाशिव घुर्ये, १८९३ चो जल्म, मालवणचे. मुंबई विद्यापीठात १९२४ पासून समाजशास्त्राचो विभाग तेंनी सांभाळलो. इरावती कर्वे तेंची विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास तेंचे विद्यार्थी. जरा प्रमाण भाषेत लिहितंय, नायतर मास्तर मार्क कापतले.

लोटेवाल्यांना डेटा पाहिजे ना, हा घ्या. इंग्रजांचा रिस्ले म्हणून जनगणनेचा मोठा साहेब होता, त्याने सिद्धांत मांडला की नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची, म्हणजे जातीचं मूळ वंशात. आणि लोकांची नाकं मोजून तक्ते पण छापले. घुर्येंनी १९३२ च्या त्यांच्या जातीवरच्या पुस्तकात ही सगळी मापं परत मांडली आणि दाखवलं की उत्तर हिंदुस्थानात थोडंफार जुळतं, पण बाकी प्रांतांत, आपल्या महाराष्ट्रात पण, हे गणित काही बसत नाही. साहेबाचेच आकडे घेऊन साहेबाला खोटं पाडलं, ते पण १९३२ साली! आता नोट्समध्ये घुर्ये म्हणजे काय, तर जातीची सहा लक्षणं. ती सहा लक्षणं आमच्या वाडीतल्या कोणत्याही म्हातारीला न शिकता येतात. नाकाची भानगड मात्र कोणी सांगत नाही, मी पुस्तक चाळलं म्हणून कळली.

गुहागरकरीण:
घुर्ये वाचा जरूर, पण आरत्या नकोत. याच घुर्येंनी आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवलं आणि त्यावरून आदिवासींचा अभ्यासक व्हेरियर एल्विनशी वाद घातला. पोथ्यांतून समाज बघायची सवय होती, आणि पोथ्या कोणी लिहिल्या ते आपल्याला माहीत आहे.

मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. वाचायचं की नाही यावर सगळे तुटून पडलेत, पण क्लासिक ठरवलं कोणी हे कोणी विचारत नाहीये. पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९३७ चं जाडजूड पुस्तक आहे, त्याची सुरुवातच अशी की आता स्पेन्सर कोण वाचतो? (प्रश्न त्याचा नाही, एका इतिहासकाराचा उचललाय.) आणि पुढे त्याने वेबर, दुर्खीम वगैरे ठळकपणे मांडले. मार्क्सला तिथे मानाचं पान नव्हतंच, मार्क्स-दुर्खीम-वेबर हे त्रिकूट पाठ्यपुस्तकांत बसलं ते पुढे काही दशकांनी. आणि हा स्पेन्सर कोण, तर एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत, ज्याच्यावर आपले आगरकर पोसले. मिल आणि स्पेन्सर वाचून या माणसाने सुधारक चालवला. त्या पिढीला सांगितलं असतं की शंभर वर्षांनी स्पेन्सरचं नाव फक्त एमसीक्यूत येईल तर हसले असते. म्हणजे क्लासिक हे काही देवाने टिळा लावून पाठवलेले नसतात, वर चढतात तसे खाली पण येतात.

आणि कोण चढलेच नाहीत ते बघा. डॉ. आंबेडकरांचा जातीवरचा निबंध, मे १९१६, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या सेमिनारमध्ये वाचलेला, पुढच्या वर्षी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला. वय पंचवीस. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या अंगणातलं. मी एम.ए. केलं तेव्हा अभ्यासक्रमात हा निबंध नव्हता, वेबरची हिंदू धर्मावरची मतं मात्र होती.

साकवपार:
गुहागरकरीण ताई, तो निबंध मी ऐकून आहे. सजातीय विवाह हे जातीचं मूळ, एवढंच ना? एका ओळीत येतं.

गुहागरकरीण:
तीच तर बोंब आहे. ती ओळ सगळ्यांना येते, पुढचं गणित कोणाला येत नाही. निबंधात प्रश्न असा टाकलाय की जातीबाहेर लग्न नाही असं ठरवलं, तर गटात बायका आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे, पण माणसं काय जोडीने मरत नाहीत. नवरा मेला की बाई जास्तीची, बायको मेली की पुरुष जास्तीचा. या जास्तीच्या माणसाचं करायचं काय? बाईला एकतर चितेवर चढवा नाहीतर जन्मभर विधवा म्हणून कोपऱ्यात बसवा. पुरुषाला असं करता येत नाही कारण तो पुरुष आणि गटाला तो हवाय, मग त्याच्यासाठी बायको कुठून आणायची, तर वयात न आलेल्या मुलींतून. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही चाली वेगवेगळ्या वाटतात, त्यांना एका हिशेबात बसवलंय. आणि हे करताना जातीवर आधी लिहिणारे रिस्ले, नेसफील्ड, सेनार आणि आपले ज्ञानकोशकार केतकर अशा चौघांना एकेक करून तपासलंय, केतकरांचं कौतुक करून मग चूक दाखवलीय.

आता तुमच्या एका ओळीत यातलं काय येतं? बाई कुठे आहे त्या ओळीत? माझी आजी आठवी पास होती आणि केशवपन झालेल्या आत्याबाईंच्या गोष्टी सांगायची. मी हा निबंध वाचला तेव्हा आधी त्या आत्याबाई आठवल्या, जात नंतर. वीसेक पानांचा ऐवज आहे, इंग्रजी सोपं आहे, एका संध्याकाळीत होतो. आणि निकाल लागला, विषय मिटला असं ज्यांना वाटतं त्यांनी २०११-१२ चं भारत मानव विकास सर्वेक्षण बघावं, आंतरजातीय लग्नं जेमतेम पाच टक्के.

देवगडचा_मास्तर:
ताईंना अनुमोदन. आणि जाडीला घाबरणाऱ्यांसाठी एक सांगतो, मार्क्सच्या कॅपिटलचा पहिला खंड १८६७ चा, सुरुवातीची प्रकरणं भल्याभल्यांना झेपत नाहीत. खुद्द मार्क्सने आपल्या मित्राच्या, कुगेलमानच्या बायकोला निरोप पाठवला होता की आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचा, मग यंत्रांवरचं, मग भांडवल पहिल्यांदा जमलं कसं ते. लेखकच सांगतोय मधून सुरू करा आणि आपण पहिल्या पानाला नारळ फोडून बसतो! त्या कामाच्या दिवसाच्या प्रकरणात सिद्धांत कमी आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल जास्त आहेत.

चाकरमानी_लालबाग:
मी मूळचा लांज्याचा, आजोबा गिरणीत होते, वडील पण, १९८२ च्या संपात सगळं गेलं. मी समाजशास्त्रज्ञ नाही, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघतो, पण एक पुस्तक माझ्या हाती आलं त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून जरा लांबण लागेल.

टॉमस आणि झ्नानिएत्स्की या दोन समाजशास्त्रज्ञांचं पोलिश शेतकऱ्यांवरचं, पाच खंड, १९१८ ते १९२०. पोलंडच्या खेड्यांतून माणसं अमेरिकेत शिकागोला कारखान्यांत गेली, त्यांची आणि घरच्यांची पत्रं. टॉमसने पोलिश पेपरात जाहिरात देऊन, पैसे मोजून लोकांची घरगुती पत्रं गोळा केली. सुरुवातीच्या खंडांत घराघरांच्या पत्रांच्या माळाच आहेत. आणि त्यांनी काय शोधलं बघा, म्हणाले की शेतकऱ्याचं पत्र कशाबद्दलही असो, त्याच्या मुळाशी नमस्काराचं पत्र असतं. सुरुवातीला येशूचं नाव, मग आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत तुम्हीही असाल, मग आईला, मामाला, काकीला, शेजाऱ्याला, एकेकाचं नाव घेऊन नमस्कार. बातमी काहीच नाही. त्या पत्राचं काम एवढंच की आपण लांब असलो तरी कुटुंब अजून जागेवर आहे हे दाखवणं.

मी हे ट्रेनमध्ये मोबाइलवर वाचत होतो आणि दिव्याला उतरायचं ते ठाण्याला कळलं. अहो, तीर्थरूप वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे, लहानांस आशीर्वाद! आजोबांच्या ट्रंकेत असली पत्रं पडलीयत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कूपन असायचं, त्यावर मजकुराला बोटभर जागा, त्यात पण आजोबा आधी नमस्कार लिहायचे आणि मग जागा उरली तर नळे परतून घेणे, गाय व्याली का कळवणे. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन पडवीत बसून वाचून दाखवायचा आणि आजी पैसे नंतर मोजायची, आधी विचारायची माझं नाव घेतलंय का. मला हे सगळं माहीत होतंच, पण ते नाव घेणं हेच पत्राचं काम होतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढे काही घरांच्या माळांत नमस्कार आटत जातात आणि पैसे पाठव एवढंच उरतं, ते वाचताना मला आमच्या दोन काकांचा अबोला कुठून सुरू झाला असेल ते पण दिसलं, ते इथे लिहीत नाही.

लोटेचा_केमिस्ट:
चाकरमानी, मनापासून लिहिलंय, आवडलं. पण भावना बाजूला ठेवून बोलू. हर्बर्ट ब्लूमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये याच पुस्तकाची चिरफाड केलीय, की यातला सिद्धांत पत्रांतून निघतच नाही, लेखकांनी आधी ठरवला आणि पत्रांवर नेऊन बसवला. त्यांच्याच शास्त्रात हा निकाल लागलाय. आणि कोकणच्या स्थलांतराबद्दल मला जनगणना जास्त सांगते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला सुमारे १६.९७ लाख होती, २०११ ला १६.१५ लाख. वाढलीच नाही, घटली! दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. सिंधुदुर्गातही घट. यात सगळं आलं.

चाकरमानी_लालबाग:
सिद्धांत बसवलेला असेल, मला त्याचं सोयरसुतक नाही. पत्रं तर तिथेच आहेत ना. ब्लूमरला ती चिरफाड करता आली कारण पत्रं शब्दन् शब्द छापलेली होती. तुमचे ११२२ मला सांगतात की गावात बाप्ये कमी आहेत. ते का पैसे पाठवत राहतात आणि एक दिवस का बंद करतात, ते जनगणनेच्या कुठल्या रकान्यात येतं ते सांगा, मी बघतो.

सड्यावरची:
इतका वेळ नुसती वाचत होते. दुर्खीमचं शेवटचं मोठं पुस्तक धर्मावरचं, १९१२ चं, ते मी शिमग्याच्या आसपास वाचलं. त्याचं म्हणणं, माणसं एकत्र जमली की एक ताकद निर्माण होते, एकेकट्याला न पेलणारी, आणि ती आपलीच आहे हे न कळून लोक ती देवाच्या नावावर मांडतात. पालखी नाचताना बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, ढोल बदलला की अंगावर काटा येतो, मुंबईत बारा महिने एसीत बसणारा माणूस अनवाणी धावतो.

पण मला त्यात एक मोठं भोक दिसलं. पालखी पहिली कोणाच्या दारात, खांदा कोणाचा, निशाण कोणाच्या हातात, सहाणेवर कोण बसणार आणि कोण लांब उभं राहणार, यावरून गावं फुटतात, पोलीस बंदोबस्त लागतो, काही ठिकाणी देव वर्षानुवर्षं बाहेरच निघत नाही. दुर्खीमला एकी दिसते, मान दिसत नाही. बसून लिहिलेलं पुस्तक ना ते, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर लिहिलं पण तिकडे गेला नाही, स्पेन्सर आणि गिलेन यांच्या वृत्तांतावर भिस्त. (हा स्पेन्सर वेगळा, ताईंचा आगरकरवाला नव्हे.)

साकवपार:
चला, म्हणजे सड्यावरची माझ्या बाजूने.

सड्यावरची:
छे हो! मी ते भोक बघू शकले कारण आख्खं वाचलं. नोट्समध्ये एकच वाक्य असतं, धर्म म्हणजे समाजाची पूजा. त्या वाक्याशी भांडता येत नाही, मान हलवता येते. पुस्तकाशी भांडता येतं कारण त्यात तो कुठून कुठे कसा गेला हे दिसतं. आमच्या गावातल्या वादावर मी आधीही चिडायचे, पण हा वाद देवाचा नाही, गावाच्या रचनेचा आहे हे मला दुर्खीमचं अर्धं पटल्यामुळे कळलं.

रापणकर:
पालखीचो वाद समजूक दुर्खीम कशाक व्हयो, तहसीलदाराक विचारा, तेका दर वर्षी समजता.

देवगडचा_मास्तर:
इंग्रजीचा त्रास होत असेल तर मराठीतच लिहिलेलं घ्या, अनुवाद नाही काही नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचा गावगाडा, १९१५. शब्दांचा खजिना आहे, बलुतेदार, वतनं, हक्क, बाजार, सावकार, काय नाही त्यात. फिरस्त्यांबद्दलची त्यांची भाषा आज वाचवत नाही, साहेबी खात्यातल्या माणसाची नजर आहे ती, हे पण सांगून ठेवतो. आणि तो गाडा देशावरचा. पाटील-कुलकर्ण्यांचा गाव. आपल्याकडे खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. खोती कायद्याने गेली १९४९ मध्ये, त्याआधी आंबेडकरांनी १९३७ ला खोतीविरुद्ध विधेयक आणलं होतं, आणि अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायची नाही म्हणून संप केला. उपाशी राहिले पण नांगर धरला नाही. हे गावगाड्यात सापडणार नाही. मी वर्गात दोन्ही शेजारी ठेवायचो, पोरं म्हणायची सर, मग आमचा गाव कुठल्या पुस्तकात? मी म्हणायचो सातबारा काढा, इतर हक्कात कुळांची नावं बघा, तिथून सुरू करा.

प्रिलिम्स_पास:
सर, हे परीक्षेत येईल का?

देवगडचा_मास्तर:
नाही. म्हणूनच सांगितलं.

साकवपार:
इतकं सगळं वाचून माझं मत अजून तेच आहे की सरसकट सगळ्यांना मूळ ग्रंथ वाचायला लावणं म्हणजे विद्यार्थ्यांवर अन्याय. आमच्या वर्गात अर्धे जण नोकरी करून येतात, एक जण रात्री होडी घेऊन जातो, त्याला वेबर वाच म्हणून सांगणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर जाऊन यावं. वाचून घ्यायचंच असेल तर सरांनी वेचे द्यावेत, जून-नोव्हेंबरवालं प्रकरण द्या, आंबेडकरांचा निबंध द्या, पोलिश पत्रांतलं एखादं घर द्या, आणि त्यावर भांडू द्या. सरांनी आम्हाला यादी दिली, त्यात बावीस पुस्तकं, सगळी इंग्रजी, आणि कॉलेजच्या लायब्ररीत त्यातली बरीचशी नाहीतच. बाकी मी आंबेडकरांचा निबंध डाउनलोड केलाय, तो वाचणार. दुर्खीम जिथे सोडला तिथून परत धरीन की नाही माहीत नाही. वेबर कायमचा माळ्यावर.

गुहागरकरीण:
वेचे द्यावेत याला माझी ना नाही, निवड कोण करतो एवढं बघा. पण वेबर माळ्यावर नका टाकू हो. त्याचं नोकरशाहीवरचं प्रकरण घ्या आणि तलाठी ऑफिसच्या बाकावर बसून वाचा. लेखी फाइल, ठरलेले नियम, खुर्ची वेगळी आणि खुर्चीवरचा माणूस वेगळा, अर्ज कोणाचाही असो वागणूक तीच. सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली मुंबईत, आणि वारसनोंदीला हेलपाटे घालणारी एक बाई, असं समोर चाललेलं असताना ते प्रकरण वेगळंच लागतं.

लोटेचा_केमिस्ट:
हाहा! ताई, आमच्याकडच्या तलाठ्याकडे आणखी दोन सजांचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दींचा, चार्ज आहे, तो दुसरीकडे गेला की ऑफिसला कुलूप. खुर्ची आणि माणूस वेगळे म्हणे! माणूस गेला की खुर्ची पण गेली. तुमचा वेबर दारातच आपटला.

गुहागरकरीण:
कुठे आपटला? तो कुठे म्हणाला की जगात सगळीकडे असंच असतं? तो मुद्दाम एक शुद्ध नमुना मांडतो, खरं जग त्याच्याशी ताडून बघायला, आणि कुठे किती फरक पडतो ते बघून कारण शोधायचं. तुम्ही आत्ता कुलूप बघून नेमकं तेच केलंत. हे त्याने वेगळ्या निबंधात चांगलं सविस्तर लिहिलंय, १९०४ चा आहे.

लोटेचा_केमिस्ट:
बरं, वेगळा निबंध म्हणता. पान नंबर टाका, तेवढंच वाचतो. आणि ज्यात तो स्वतः मान्य करतो की नमुना चुकीचा असू शकतो ते पान आधी.